चित्राखालची ओळ

ज्या साधनांतून चित्र दिसत नाहीं त्या साधनावरून चित्रांविषयीं बोलण्याचें धाडस मी आज करीत आहें. परंतु माझा विषय चित्र हा नसून चित्राच्या खालीं बारीक अक्षरांत जी एक ओळ असते ती आहे. आणि ती ओळ चित्र डोळ्यांसमोर असतांनाहि बहुतेकांना दिसत नाहीं. तेव्हां आज आपलें फारसें नुकसान होईल असें मला वाटत नाहीं.

हकीकत अशी झाली. सोलापुरांतील एका लहानशा सार्वजनिक वाचनालयानें आपलें संकेतस्थळ सुरू करण्याचें मनावर घेतलें. शहराचा इतिहास, गिरण्या, हातमाग, सिद्धेश्वराची यात्रा, १९३० च्या मार्शल लॉचे दिवस, येथें जन्मलेलीं व येथून दूर गेलेलीं माणसें, अशीं प्रकरणें पाडलीं आणि प्रत्येक प्रकरणांत भरपूर चित्रें घातलीं. हें काम अंगावर घेणारी मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. आतां ती मुलगी राहिलेली नाहीं, तिचीं मुलें कॉलेजांत जातात. पण शिक्षकाच्या तोंडीं जुनाच शब्द येतो. चित्रांखालच्या ओळींतील शुद्धलेखन तपासून द्यावें म्हणून तिनें मला बोलावलें. मी चष्मा पुसून बसलों, आणि पहिल्या तासाभरांतच माझ्या ध्यानांत आलें कीं, येथील चूक ऱ्हस्वदीर्घाची नसून निराळीच आहे.

कांहीं चित्रांखालीं नुसतें ‘साभार’ असें लिहिलें होतें. कांहींखालीं ‘सौजन्य : इंटरनेट’. कांहींखालीं ‘केवळ शैक्षणिक उपयोगासाठीं’. दहापंधरा चित्रांखालीं ‘फेअर यूज’ एवढे दोनच शब्द होते, आणि उरलेल्या चित्रांखालीं कांहींच नव्हतें.

“हें साभार कोणाचें?” मीं विचारलें.

“सर, सगळेच असें लिहितात,” ती म्हणाली.

सगळेच असें लिहितात ही गोष्ट खरी आहे. पण साभार म्हणजे आभारासह. आणि आभार मानावयाचे ते कोणाचे तरी, त्याचें नांव घेऊन मानावयाचे असतात. शेजाऱ्याच्या परसांतील पपई न विचारतां तोडून आणावी आणि आपल्याच दारावर ‘साभार’ अशी पाटी लावावी, तर शेजारी संतुष्ट होईल काय? ‘सौजन्य : इंटरनेट’ हें तर त्याहून चमत्कारिक. इंटरनेट हा कांहीं चित्रकार नव्हे. टपालानें आलेलें पत्र छापून त्याखालीं लेखक म्हणून पोस्टमनचें नांव घालण्यासारखा तो प्रकार झाला. आणि ‘फेअर यूज’? त्या दोन शब्दांचा अर्थ काय, असें मीं विचारलें, तेव्हां ती प्रामाणिकपणें म्हणाली, “सर, हें लिहिलें म्हणजे कोणी कांहीं म्हणत नाहीं.” मंत्र म्हणून ताईत बांधावा तसे ते शब्द तिनें बांधले होते.

त्यानंतरचे दोन महिने आम्हीं दोघांनीं मिळून त्या ओळींचा अभ्यास केला. मी कायदेपंडित नव्हें. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. ज्याला प्रत्यक्ष दाव्यास तोंड द्यावयाचें असेल त्यानें वकिलाकडेच गेलें पाहिजे. पण कायदा हा सर्वांसाठीं छापलेला असतो, व तो सावकाश वाचला तर सामान्य माणसालाहि त्यांतलें बरेंचसें कळतें असा माझा अनुभव आहे.

आपल्या देशांत स्वामित्वहक्काचा पहिला कायदा १८४७ सालीं, कंपनी सरकारच्या अमदानींत झाला. १९१४ सालीं इंग्लंडांतील १९११ च्या कायद्याच्या धर्तीवर दुसरा झाला. सध्यां चालू आहे तो १९५७ चा. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलांत आला आणि त्यांत वेळोवेळीं दुरुस्त्या झाल्या. त्यांपैकीं २०१२ ची दुरुस्ती आपल्या विषयाला फार जवळची आहे. या कायद्याप्रमाणें चित्रकाराचा हक्क त्याच्या हयातीपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षेंपर्यंत चालतो. पूर्वीं ही मुदत पन्नास वर्षें होती. १९९२ सालीं ती साठ केली. साठ वर्षें मोजावयाचीं तीं मृत्यूच्या दिवसापासून नव्हे, तर पुढल्या वर्षाच्या आरंभापासून.

उदाहरण आपल्या जिल्ह्यांतलेंच घेऊं. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ सालीं पंढरपुरास झाला व मृत्यु ९ जून २०११ रोजीं लंडन येथें झाला. त्यांच्या चित्रांवरील हक्क २०७१ सालच्या अखेरपर्यंत चालू राहील. त्यांचा एखादा घोडा आमच्या वाचनालयानें ‘जिल्ह्याचे सुपुत्र’ या प्रकरणांत मोठा थोरला करून लावला, आणि खालीं ‘साभार’ लिहिलें, तर तो हक्क कोठेंहि जात नाहीं. उलट राजा रविवर्मा १९०६ सालीं वारले. त्यांचीं चित्रें आतां सर्वांचीं झालीं आहेत. त्यांच्याखालीं ‘फेअर यूज’ लिहिणें म्हणजे स्वतःच्या अंगणांत पाऊल टाकतांना परवानगी मागण्यासारखें आहे. आमच्या संकेतस्थळावर नेमका असाच उलटा प्रकार झाला होता : रविवर्म्यांच्या सरस्वतीखालीं ‘फेअर यूज’ आणि हुसेनच्या घोड्याखालीं कांहींच नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, चित्रावर वर्तुळांतील ‘सी’ ही खूण नसेल तर तें मोकळेंच समजावें. ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. अमेरिकेंत १ मार्च १९८९ पर्यंत तशा सूचनेला कायद्यानें महत्त्व होतें. त्या देशाच्या सवयीवरून ती समजूत सगळीकडे गेली. आपला देश बर्नच्या आंतरराष्ट्रीय करारांत १९२८ पासून आहे, आणि त्या कराराचें तत्त्वच असें कीं, हक्क कृतीबरोबर जन्मतो. त्याला खूण, नोंदणी, अर्ज, कशाचीच गरज नाहीं. कोऱ्या कागदावर एखाद्या पोरानें काढलेल्या बैलालाहि तो हक्क असतो.

आतां ‘फेअर यूज’कडे येऊं. त्याला आपण मराठींत उचित वापर म्हणूं. हा शब्द अमेरिकेचा. तेथील १९७६ च्या कायद्यांत न्यायाधीशानें चार गोष्टी पाहाव्या असें सांगितलें आहे : वापराचा हेतु काय, मूळ कृति कोणत्या जातीची, तिचा किती भाग घेतला, आणि या घेण्यानें मूळ कृतीच्या बाजाराला किती धक्का बसला. त्यांच्याकडे दार उघडें असतें व आंत येणाऱ्याची चौकशी होते. आपल्याकडे निराळी व्यवस्था आहे. आपल्या कायद्यांतील शब्द ‘फेअर डीलिंग’, म्हणजे रास्त व्यवहार. आणि कलम ५२ मध्यें कोणकोणत्या कामासाठीं परवानगीवांचून वापर चालेल याची यादीच दिली आहे. खाजगी उपयोग व संशोधन, टीका व परीक्षण, चालू घडामोडींचें वृत्त, हीं त्यांतलीं मुख्य दारें. तुमचें काम यांपैकीं कोणत्या दारांतून आंत येतें तें सांगतां आलें पाहिजे. तें दार सांपडल्यावर मग व्यवहार रास्त आहे कीं नाहीं हें पाहतात. केरळच्या उच्च न्यायालयानें १९९६ सालीं एका प्रसिद्ध नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या दुसऱ्या नाटकाच्या खटल्यांत हें मोजण्याची रीत सांगितली : टीकेच्या मानानें मूळांतून किती घेतलें, तें कशासाठीं घेतलें, आणि दोन कृतींची बाजारांत स्पर्धा होण्याचा संभव आहे काय.

म्हणून चित्राखालीं नुसतें ‘फेअर यूज’ लिहून भागत नाहीं. तें एका परक्या कायद्याचें नांव आहे. त्यांत कारण नाहीं. हुसेनच्या घोड्याविषयीं त्या पानावर कांहीं लिहिलें असेल, त्याची रेषा, त्याची मान, तो असा कां काढला याची चर्चा असेल, तर टीका व परीक्षण हें दार आपल्याला उघडें आहे. पण ‘हे आमच्या जिल्ह्यांत जन्मले’ एवढें एक वाक्य लिहून शेजारीं शोभेला घोडा उभा केला असेल तर तें परीक्षण नव्हे, ती सजावट झाली. माझ्या विद्यार्थिनीला हा भेद सांगितला तेव्हां तिनें एक प्रश्न विचारला, तो मला अजून आवडतो. ती म्हणाली, “म्हणजे सर, ओळ चुकली नाहीं, मजकूरच कमी पडला.” तसेंच होतें. त्या पानावर तिनें पुढें घोड्याविषयीं दोन परिच्छेद लिहिले, आणि मगच चित्र ठेवलें.

‘केवळ शैक्षणिक उपयोगासाठीं’ या शब्दांविषयीं मला स्वतःला फार मोह होता, कारण जन्मभर मी तेंच करीत आलों. फळ्यावर कोणाचें चित्र काढलें, कोणाच्या पुस्तकांतला नकाशा मुलांना उतरवून दिला, याचा हिशेब कोण ठेवतो? कायद्याचीहि त्याला हरकत नाहीं. शिक्षकानें किंवा विद्यार्थ्यानें शिकण्याशिकविण्याच्या ओघांत केलेली प्रत कलम ५२ मध्यें मोकळी ठेवलेली आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारांतल्या एका फोटोकॉपीच्या दुकानावर मोठमोठ्या परदेशी प्रकाशकांनीं दावा केला होता. २०१६ सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें या कलमाचा अर्थ उदारपणें लावून विद्यार्थ्यांचा पक्ष उचलून धरला. परंतु वर्ग म्हणजे वर्ग. चार भिंतींतला फळा आणि साऱ्या जगाला दिसणारें पान यांत फरक आहे. संकेतस्थळावर ‘शैक्षणिक’ हा शब्द लिहिल्यानें जगांतले सगळे वाचक आपले विद्यार्थी होत नाहींत.

वाचनालयासाठींहि कायद्यानें एक सवलत ठेवली आहे, ती आमच्या चिटणिसांनीं मोठ्या उत्साहानें दाखविली. नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक वाचनालयाला, जी कृति त्याच्यापाशीं कागदावर आहे तिची संगणकीय प्रत जतनासाठीं करून ठेवतां येते. खरें आहे, पण ती जतनासाठीं. कपाटांत जपून ठेवणें निराळें आणि चौकांत टांगणें निराळें. चिटणीस थोडे हिरमुसले. मग त्यांनीं चहा मागविला.

छायाचित्रांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे आणि ती प्रत्येक घराशीं संबंध ठेवणारी आहे, म्हणून जरा थांबून सांगतों. छायाचित्राचा कर्ता कोण? कायदा म्हणतो, जो तें टिपतो तो. पण आपण पैसे देऊन स्टुडिओंत किंवा लग्नमंडपांत छायाचित्र काढवून घेतलें, आणि निराळा करार केला नाहीं, तर त्याचा पहिला हक्कदार पैसे देणारा असतो. म्हणजे आपल्या लग्नांतल्या छायाचित्रांचा हक्क बहुधा आपल्या घरांतच आहे. तथापि त्यामुळें टिपणाऱ्याचें नांव पुसण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाहीं. कर्त्याला आपलें नांव आपल्या कृतीवर असावें असें म्हणण्याचा आणि तिची मोडतोड करून आपला मान घालवूं नये असें म्हणण्याचा एक स्वतंत्र अधिकार कलम ५७ मध्यें दिलेला आहे. हक्क विकून टाकला तरी तो त्याच्याजवळ राहतो, आणि त्याच्या पश्चात् त्याच्या वारसांना तो सांगतां येतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचें कांस्याचें भव्य भित्तिशिल्प दिल्लींतील विज्ञानभवनांत होतें. १९७९ सालीं तें काढून कोठारांत टाकून दिलें. शिल्प सरकारनें विकत घेतलेलें, जागा सरकारची. तरीहि सहगल न्यायालयांत गेले, आणि २००५ सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें त्यांचें शिल्प त्यांना परत देवविलें व पांच लाख रुपये भरपाई ठरविली. वस्तूचा मालक एक आणि तिचा कर्ता दुसरा, हें त्या निकालानें फार स्पष्ट केलें.

छायाचित्राची मुदत पूर्वीं प्रसिद्धीपासून मोजीत. २०१२ च्या दुरुस्तीनें तें कलमच गाळलें, आणि छायाचित्रकाराला चित्रकाराच्या पंक्तीला बसविलें : हयात आणि पुढें साठ वर्षें. फार चांगलें केलें. पण त्यांतून एक नवी अडचण आली. छायाचित्रकाराचें नांवच ठाऊक नसेल तर त्याची हयात कशी मोजावी? कायदा म्हणतो, निनांवी कृति प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षें धरा. मध्यंतरीं नांव उघड झालें तर मृत्यूपासून मोजा. म्हणजे नांव ही केवळ मानाची गोष्ट राहिली नाहीं. सगळा हिशेबच नांवावर टांगलेला आहे. याकडे मी पुढें पुन्हा येणार आहें.

असेंच एक कोडें डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांच्या प्रकरणांत आलें. ते सोलापूरचे, १९१० चा जन्म, आणि १९४२ सालीं चीनमध्यें जखमी सैनिकांची सेवा करतां करतां मृत्यु. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनीं ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट १९४६ सालीं काढला. चित्रपटाची मुदत प्रदर्शनानंतर साठ वर्षें, म्हणजे २००६ च्या अखेरीस ती संपली. तेवढ्यावरून चित्रपटाचें भित्तिपत्रकहि मोकळें झालें असें आम्हीं धरून चाललों होतों. पण भित्तिपत्रक हें एका माणसानें कुंचल्यानें रंगविलेलें चित्र आहे. तो चित्रकार कोण व तो केव्हां वारला यावर त्याची मुदत अवलंबून. म्हणून त्या भित्तिपत्रकाखालीं चित्रपटाचें वर्ष लिहून आम्हांला मोकळें होतां आलें नाहीं. चौकांतल्या पुतळ्यांचें मात्र सोपें आहे. १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशीं गेलेले आपले चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे, यांचे पुतळे आपल्या शहरांत उभे आहेत. सार्वजनिक जागीं कायमच्या बसविलेल्या शिल्पाचें छायाचित्र कोणीहि काढावें व छापावें, त्याला कायद्याची मोकळीक आहे. भिंतीवर रंगविलेल्या चित्राला ती मोकळीक दिलेली नाहीं, हें पुष्कळांना माहीत नसतें.

मग चांगली ओळ कशी असावी? याचा सर्वांत पक्का नमुना आम्हांला विकिपीडिया या मुक्त विश्वकोशांत सांपडला. हा विश्वकोश २००३ पासून मराठींतहि आहे. तेथील मूळ धोरण असें कीं, जें कोणालाहि पुन्हा वापरतां येईल तेंच ठेवावें. अपवाद म्हणून हक्क असलेलें चित्र ठेवावयाचें झालें, तर त्याचे नियम त्या त्या भाषेच्या विश्वकोशानें आधीं लिहून काढावे, आणि असें प्रत्येक चित्र यंत्रालाहि ओळखतां येईल अशा खुणेनें वेगळें दाखवावें, असा ठराव त्या संस्थेनें मार्च २००७ मध्यें केला. इंग्रजी विश्वकोशाचे नियम तर आमच्या शाळेच्या शिस्तीलाहि लाजवितील. मोकळें चित्र मिळण्यासारखें असेल तर हक्काचें चित्र घ्यावयाचें नाहीं. त्यामुळें हयात माणसाचें हक्काचें छायाचित्र तेथें सहसा चालत नाहीं, कारण कोणीहि जाऊन नवें काढूं शकतो. चित्र आकारानें लहान ठेवावयाचें, सुमारें एक लाख बिंदूंच्या आंतबाहेर, म्हणजे वाचकाला कळावें पण छापून विकतां येऊं नये. आणि एकच चित्र दोन लेखांत घातलें तर दोन्हींसाठीं कारणें निरनिराळीं लिहावयाचीं.

हा शेवटचा नियम मला प्रथम पाल्हाळ वाटला. विचार केल्यावर त्यांतलें शहाणपण कळलें. रास्त व्यवहार हा चित्राचा गुण नसून वापराचा गुण आहे. चित्र तेंच राहतें, कारण बदलतें. माझ्या परीक्षणाला जें चित्र रास्त आहे तें तुमच्या दिनदर्शिकेला रास्त नाहीं. म्हणून ओळ लिहावयाची ती हक्कदाराला गप्प करण्यासाठीं नव्हे, तर आपल्यामागून येऊन तें चित्र उचलणाऱ्याला सावध करण्यासाठीं. ही गोष्ट आम्हांला अनुभवानेंच पटली. आमचें काम अर्धें झालें असतांना, संकेतस्थळावरचें एक चित्र शहरांतील एका व्यापाऱ्याच्या दिनदर्शिकेवर झळकलें. आम्हीं विचारलें तेव्हां तो भला गृहस्थ म्हणाला, “तुमच्याच पानावर होतें, खालीं कांहीं लिहिलेलें नव्हतें, मला वाटलें वाचनालयाचें असेल.” त्याचें काय चुकलें? चुकलें आमचें. चित्रकार हयात होता. त्याला आम्हीं पत्र लिहून सगळें सांगितलें. त्यानें आम्हांला बोल लावला नाहीं, पण उत्तरांत एक वाक्य असें होतें कीं, त्या चित्राचे पैसे त्याला एका कॅलेंडरवाल्याकडून मिळावयाचे होते, ते आतां मिळणार नाहींत.

जुन्या काळीं ही ओळ लिहिण्याची रीत आपल्याकडे होती. रविवर्म्यांनीं १८९४ सालीं मुंबईंत छापखाना काढला, पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेला. त्या छापखान्यांत कांहीं काळ दादासाहेब फाळके यांनींहि काम केलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. आपल्या आजोबांच्या देवघरांत जी लक्ष्मी किंवा सरस्वती होती ती नीट पाहिली असेल तर आठवेल : चित्राच्या खालीं पांढरा पट्टा, त्यावर चित्राचें नांव आणि छापखान्याचें नांव. चौकट करणाऱ्या सुतारानें तो पट्टा पुष्कळ घरीं कांचेखालीं दाबून टाकला, किंवा मोजमापांत बसेना म्हणून कापला. आणि तींच चित्रें कापडाच्या ताग्यांवरच्या रंगीत चिठ्ठ्यांवर, काड्यापेट्यांवर, औषधांच्या जाहिरातींवर फिरतां फिरतां कोणाचीं हें विसरलें गेलें. गिरणगांवांत वाढलेल्या माझ्यासारख्या पोरांनीं त्या चिठ्ठ्या वहींत चिकटविल्या. त्यांखालीं कोणाचें नांव असावें हें आमच्या स्वप्नांतहि आलें नाहीं.

पट्टा कापण्याला आतां कायद्यांत शिक्षा आहे. २०१२ च्या दुरुस्तीनें कलम ६५ ब घातलें. कृतीचें नांव, कर्त्याचें नांव, हक्कदाराचें नांव व पत्ता, वापराच्या अटी, हें सगळें मिळून हक्काची माहिती समजावयाची. आणि ती अधिकार नसतां जाणूनबुजून काढणाऱ्याला किंवा बदलणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊं शकतो. हें कलम मीं माझ्या विद्यार्थिनीला मोठ्यानें वाचून दाखविलें, आणि वाचतां वाचतां माझा आवाज बसला. ती म्हणाली, “काय झालें सर?” तेव्हां तिला सांगितलें नाहीं. आज आपल्याला सांगतों.

१९८९ सालीं आमच्या शाळेची स्मरणिका निघाली, तिचा संपादक मी होतों. एका पालकानें घरांतलें जुनें छायाचित्र आणून दिलें : गिरणीची पाळी सुटली आहे, फाटकांतून कामगार बाहेर पडताहेत, मागें धुराडें, आणि पुढें एक मुलगा डब्याची पिशवी हातांत घेऊन थेट आपल्याकडे पाहतो आहे. तसें छायाचित्र मीं या शहराचें दुसरें पाहिलें नाहीं. तें जाड पुठ्ठ्यावर डकवलेलें होतें, पुठ्ठ्याला सोनेरी वेलबुट्टी होती, आणि खालीं उजव्या कोपऱ्यांत छायाचित्रकाराचें नांव व पेठ उठावाच्या अक्षरांत दाबलेली होती. पानाच्या मापांत बसेना म्हणून मीं तें पुठ्ठ्यावरून सोडविलें, खालची किनार कात्रीनें कापली, आणि पुठ्ठा केराच्या टोपलींत टाकला. छायाचित्राखालीं मीं काय छापलें? ‘साभार’.

पुढें पुष्कळ वर्षांनीं एक बाई ती स्मरणिका घेऊन माझ्या घरीं आल्या. त्यांचे वडील छायाचित्रकार होते. कांचेच्या निगेटिव्ह एका पावसाळ्यांत घर गळून गेल्या. हातीं कांहीं राहिलें नाहीं. वडील मात्र शेवटपर्यंत सांगत कीं, गिरणीच्या फाटकाचें एक छायाचित्र आपण काढलें होतें, त्यांत पुढें पिशवी घेतलेला एक पोरगा होता. त्या बाईंनीं विचारलें, “मास्तर, मूळ चित्रावर नांव होतें का हो?” मीं सांगितलें, होतें. “कोणतें?” मला वेलबुट्टी आठवत होती. सोनेरी रंग आठवत होता. अक्षरें बोटाला लागत होतीं हेंसुद्धां आठवत होतें. नांव आठवेना. मूळ देणारे गृहस्थ वारले होते, आणि त्यांच्या घरच्यांना कांहीं माहीत नव्हतें. केवळ त्यांच्या समाधानासाठीं ‘हो, तुमच्याच वडिलांचें’ असें म्हणावें असें क्षणभर मनांत आलें. म्हटलें नाहीं; कारण उद्यां दुसऱ्या एखाद्या छायाचित्रकाराचा मुलगा तीच स्मरणिका घेऊन दारांत उभा राहिला असता तर त्याला काय सांगणार होतों? बाई चहा न घेतां गेल्या.

तें छायाचित्र आतां वाचनालयाच्या गिरण्यांवरील पानावर आहे. लहान आकाराचें आहे. त्या पानावर पाळीच्या वेळा, डबे पोंचविणारीं मुलें आणि धुराडें यांविषयीं मजकूर आहे, आणि तो त्या चित्राच्या आधारानें लिहिलेला आहे. त्याखालची ओळ लिहावयाला आम्हांला एक संपूर्ण संध्याकाळ लागली. ती अशी आहे : ‘सोलापुरांतील गिरणीचें फाटक. छायाचित्रकाराचें नांव मूळ पुठ्ठ्यावर होतें. १९८९ सालीं शालेय स्मरणिकेच्या संपादकानें तें कापून टाकलें. एका कुटुंबाच्या सांगण्याप्रमाणें हें त्यांच्या वडिलांनीं काढलेलें असावें; खात्री झालेली नाहीं. हक्क अनिश्चित. येथें केवळ सोबतच्या मजकुरांतील परीक्षणासाठीं लहान आकारांत घेतलें आहे. इतरत्र वापरूं नये. पुठ्ठ्यासह दुसरी प्रत कोणापाशीं असल्यास वाचनालयास कळवावें.’

माझ्या विद्यार्थिनीनें टंकलेखन करतां करतां मध्येंच हात थांबविला. “सर, संपादकानें कापलें, हें लिहावयाचें का? नुसतें ‘नांव उपलब्ध नाहीं’ म्हटलें तरी चालेल.”

“नांव उपलब्ध होतें,” मी म्हणालों. “लिही.”

तिनें लिहिलें. त्यानंतर दोन घरांतून आमच्याकडे जुने पुठ्ठे आले. दोन्हींवर वेलबुट्टी होती, पण छायाचित्रें निराळीं होतीं, एक लग्नाचें व एक मुंजीचें. दोन्हींवरचीं नांवें मीं वहींत उतरवून घेतलीं आहेत.